सरळ केलेलं कणीस

९ मे

वन्सं आज मागच्या झाडाला 'रान' म्हणाल्या. जिन्यावरून उतरताना, माझ्याकडे न बघता, भिंतीला सांगितल्यासारखं. हे रान काढायचं, तिथे फरशी घालायची, भावोजींची गाडी रस्त्यावर उन्हात करपते. मी शिलाईच्या मशीनवर होते. पाय थांबवला नाही. मशीन चालू असलं की ऐकू आलं नाही म्हणता येतं.

घर सासऱ्यांनी बांधलेलं. खाली आम्ही, म्हणजे आता मी. वर वन्सं, यांची थोरली बहीण, आणि त्यांचे यजमान, म्हणजे भावोजी. मागचं अंगण दोघांचं, आणि दोघांचं म्हणजे कोणाचंच नाही, हे मला लग्नानंतर आठवडाभरातच कळलं होतं.

झाड यांनी लावलेलं. धरणाच्या कामावर खडक फोडायच्या यंत्रांवर होते, तेव्हा तिकडच्या जंगलातून एक कांडी आणली. ओल्या फडक्यात गुंडाळून, जेवणाच्या डब्यात. डबा धुताना मी बडबडले होते. आता झाड माझ्या डोक्याच्या वर गेलं आहे. यांना जाऊन वर्ष उलटलं. झाडाला कोणी सांगितलेलं दिसत नाही, ते वाढतंच आहे.

११ मे

रागात लिहिलेलं खरं नसतं, म्हणून आज भिंग घेऊन झाडाखाली बसले आणि जे दिसलं तेवढंच लिहिते.

खोडाला पेरं आहेत आणि प्रत्येक पेर सुजलेलं, संधिवाताच्या बोटासारखं. पान वीतभर लांब, टोकाला निमुळतं, वरून पॉलिशपेपरसारखं खरखरीत. देठाशी पानाची एक बाजू वर सुटते आणि दुसरी खाली, चुकून तिरपी कापलेली बाही असावी तशी. आधी मला हा झाडाचा गलथानपणा वाटला, पण सगळ्याच पानांना तसं आहे. फूल म्हणावं असं काही नाही. पानाच्या समोरून एक पांढुरकं कणीस निघतं, उंदराच्या शेपटीएवढं, टोकाला वळलेलं. त्याच्यावर नुसत्या डोळ्यांना दिसणार नाहीत अशी फुलं दाटीवाटीने बसवलेली.

मिरीच्या कुळातलं आहे, एवढं हे सांगायचे. पान चुरगळलं की तसा वास येतोही. कामावरून आले की हे दोन पानं हातावर चोळायचे, यंत्राच्या तेलाचा वास जायला. तो जायचा नाही. दोन्ही वास मिळून तिसराच व्हायचा.

१४ मे

भांडण झालं. जिन्यातलं नाही, समोरासमोरचं.

वन्संनी कुठल्याशा मासिकात वाचलं आहे की या जातीचं एक झाड ओढेच्या ओढे गिळतं, दुसरं काही उगवू देत नाही. तेच हे. मी म्हटलं, मिरीच्या कुळात झुडपं शेकडो, एकाने चोरी केली म्हणून सगळ्या आडनावाला तुरुंगात टाकाल का. त्या म्हणाल्या, चार पुस्तकं वाचली म्हणून बोलायला शिकलीस. मी म्हटलं, चार नाही, बरीच वाचली, तुमच्या भावाने रद्दीतून आणून दिली.

तेव्हा त्या म्हणाल्या, 'सकाळी खिडकी उघडली की तेच समोर. किती दिवस बघायचं मी ते?'

आता झाडाने त्यांच्या खिडकीचं काय वाकडं केलं? त्या खिडकीतून नाहीतर दिसतं काय, तर मागच्या घराच्या पाण्याच्या टाक्या. पण ज्याला आवडायचं नाही त्याला हिरवंही खुपतं.

शेवटी भावोजींनी तोडगा काढला. हा माणूस वर्षातून दोनदा बोलतो. म्हणाले, शहराच्या बागेत झाडं ओळखायची कचेरी आहे, तिथे विचारा. ते गिळणारं झाड निघालं, तर मी माझ्या हाताने काढायचं. नाही निघालं, तर फरशीचा विषय वन्संनी परत काढायचा नाही. वन्सं म्हणाल्या, मीही बरोबर येणार, ही एकटी गेली तर स्वतःला हवं तेच ऐकून येईल.

२० मे

वाचनालयातून झुडपांचं पुस्तक आणलं. पुस्तक जाडं, माझं शिक्षण बारीक. शब्दकोश मांडीवर घेऊन बसते.

आमच्या झाडाशी जुळणारी दोनच निघाली. दोघांचं पान खरखरीत, दोघांचा देठ तिरपा, दोघांची पेरं सुजलेली. फरक कणसात. एकाचं कणीस सरळ उभं राहतं. ते झुडूप आपल्या जागी गुमान असतं. दुसऱ्याचं वाकडं. त्याचं बी पाखरं आणि वटवाघळं खातात, जातील तिथे टाकतात, आणि मोकळी माती दिसली की ते उगवतं. मासिकातलं ते हेच.

चित्रातलं वाकडं कणीस म्हणजे मासे धरायच्या गळासारखं आहे. आपलं तसं नाही. आपलं उन्हाने जरासं झुकतं, एवढंच.

२३ मे

झाडाची पानं कोणीतरी तोडतं आहे. खालच्या फांद्यांची, हात पोचेल तिथली. आज जिन्यात एक चुरगळलेलं पान सापडलं, चौथ्या की पाचव्या पायरीवर. मी ते उचललं आणि वर गेले. वन्सं दाराशीच होत्या. म्हटलं, हे तुमचं पडलं. त्यांनी घेतलं. घ्यायला हात पुढे केला तेव्हा त्यांच्या बोटांना वास येत होता. चोराच्या हाताला वास लागतो, हे मी तोंडावर म्हटलं. त्यांनी दार लावून घेतलं.

एक एक पान करून झाड मारायचा बेत असेल तर वन्संना शंभर वर्षं लागतील. पण चिकाटी त्यांच्या घराण्यातच आहे.

२७ मे

कचेरीत फोन केला होता. तिथल्या बाई म्हणाल्या, कणसं आलेली फांदी हवी, नुसतं पान आणू नका, आणि दाबून सुकवून आणा. कसं दाबायचं ते पुस्तकात आहे: रद्दी, त्यावर फांदी, परत रद्दी, वर वजन.

दाबायचं म्हटल्यावर मला कोणी शिकवायला नको. आयुष्य गेलं चुण्या पाडण्यात. चांगली फांदी निवडली, पानं एकमेकांवर येणार नाहीत अशी पसरली, दुमडलेलं पान उलगडलं. कणसं आडवीतिडवी पडत होती. एकेक बोटाने ओढून सरळ केलं आणि वरून लगेच कागद दाबला. शाळेच्या गणवेशाची चुणी मी अशीच धरते, इस्त्री येईपर्यंत सोडायची नाही. वर पाट, पाटावर शिलाईचं जुनं लोखंडी मशीन.

वेंधळेपणाने नेलं असतं तर वन्संना तेवढंच बोलायला मिळालं असतं.

८ जून

कचेरीत जाऊन आलो. बसमध्ये वन्सं पुढच्या बाकावर, मी मागच्या. त्यांच्या अंबाड्याकडे बघत सगळा रस्ता काढला. तिकिटं त्यांनी दोन काढली, मीही दोन काढली. चार तिकिटांवर दोन बायका गेलो.

कचेरी म्हणजे लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना लोखंडी कपाटं, कापराचा वास. बाई चाळिशीच्या, तुटक बोलणाऱ्या. रद्दी उलगडली तेव्हा त्यांनी भुवई वर केली आणि म्हणाल्या, छान सुकवलंय, आमच्या मुलांना येत नाही. मी वन्संकडे बघितलं नाही, पण त्यांनी ऐकलं हे मला कळलं. बाईंनी पान अंगठ्याने घासून बघितलं, देठ बघितला, कणसावर भिंग धरलं, कपाटातून दुसरा एक सुकवलेला नमुना काढून शेजारी ठेवला. मग म्हणाल्या, 'कणसं सरळ आहेत. हे ते पसरणारं नव्हे. बिनधास्त ठेवा.'

वन्संनी विचारलं, नक्की का. बाई म्हणाल्या, तुम्ही आणलेल्या नमुन्यावरून नक्की.

वन्सं 'बरं' म्हणाल्या. एवढंच. मी वाटेत दहा उत्तरं जुळवून ठेवली होती, ती सगळी फुकट गेली. हरलेल्या माणसाने थोडं तरी तणतणावं. येताना बसमध्ये त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या आणि उतरताना माझ्यासाठी थांबल्या. कदाचित गुडघ्यामुळे असेल.

१० जून

फरशीवाल्याला वन्संनी परत पाठवलं. शब्दाला पक्क्या आहेत, हे मान्य करायला हवं. मनातल्या मनात केलं.

झाडाला पाणी घालताना यांना सांगितलं, जिंकले.

१९ जुलै

मागच्या गल्लीत एक दातांचा डॉक्टर राहतो. आमची मागची भिंत ती त्याचीही भिंत. आज त्याने हाक मारून मला बोलावलं. त्याच्या बाजूला, सांडपाण्याच्या नालीच्या कडेने, हिरवी दाटी झाली आहे. गुडघ्याएवढी, कमरेएवढी, आणि दोन तर पुरुषभर. म्हणाला, तुमच्या झाडाची पिल्लं.

मी भिंग काढलं. पान खरखरीत, देठ तिरपा, पेरं सुजलेली. मोठ्या दोघांना कणसं होती. मी त्याला सांगितलं, डॉक्टर, हे वाकडं आहे. हे मुळासकट काढा, नाहीतर गल्ली खाईल. आमचं सरळ आहे, कचेरीतून तपासून आणलंय. तो म्हणाला, 'काकू, अहो सगळ्या आळीत हे झाड तुमच्याकडेच आहे. पोरं काय आकाशातून पडली?' मला राग आला. म्हटलं, थांबा इथेच, सरळ कणीस काय असतं ते आणून दाखवते.

अंगणात आले. पहिलं कणीस तोडणार तर ते वाकडं. म्हटलं, दुसरं घेऊ. दुसरंही. फांदी खाली ओढली. सगळी वाकडी. कोवळी वाकडी, निबर वाकडी, सावलीतलीही वाकडी, तेव्हा उन्हावरही ढकलता येईना.

डॉक्टर भिंतीपलीकडे उभा होता. मी घरात जाऊन दार लावलं. थोड्या वेळाने त्याने विचारलं, काकू, सापडलं का?

२ ऑगस्ट

मध्ये लिहिलं नाही. शाळा सुरू झाल्याने काम फार होतं असं म्हणता येईल. ते खरंही आहे. गणवेश इस्त्री करताना आपले हात बघत होते. डाव्या हाताने चुणी ओढून सरळ करायची, उजव्याने वजन टाकायचं. कापडाला तुझा कल कुठे आहे असं मी कधी विचारलेलं नाही.

झाडाने काही लपवलं नव्हतं. मीच त्याला बोटाने धरून कचेरीपुढे खोटं बोलायला लावलं.

कोणाला माहीत आहे? कोणालाच नाही. डॉक्टर स्वतःची झाडं काढेल, वर्षभराने परत काढेल. वन्सं शब्द मोडणार नाहीत. मी गप्प बसले तर झाड राहतं. लिहून बघितलं, म्हणजे वाईट दिसतं का कळावं. दिसतं. पण फार वाईट नाही दिसत, हीच भीती आहे.

६ ऑगस्ट

ताजी फांदी पिशवीत उभी धरून एकटीच कचेरीत गेले. बाईंनी बघितली, माझा जुना नमुना काढला, दोन्ही शेजारी ठेवले. म्हणाल्या, हे सरळ कोणी केलं? मी म्हटलं, मी. मुद्दाम? नाही, नीटनेटकं दिसावं म्हणून. त्यांनी जुना नमुना परत रद्दीत ठेवला. मग म्हणाल्या, झाडावर कणीस कसं होतं हे मीही विचारायला हवं होतं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

झाड काढायला हवं हे त्यांनी सांगितलं. पेर मातीत राहिलं तर परत फुटतं, म्हणून तुकडा न तुकडा गोळा करून जाळायचा. पाऊस थांबला की लगेच, कारण तेव्हा कणसं पिकतात.

७ ऑगस्ट

वर गेले. वन्सं टेबलाशी भाजी निवडत होत्या. बस म्हणाल्या नाहीत, म्हणून उभ्यानेच सांगितलं.

'वन्सं, ते वाकडंच आहे.'

'काय?'

'झाड. तुम्ही म्हणत होतात तेच. सुकवताना मी कणसं सरळ केली, म्हणून चुकलं.'

त्यांची बोटं थांबली नाहीत. वाटलं, आता सुरू होईल. मी तयारीने आले होते. पण त्यांनी एवढंच विचारलं, कोणाला सांगितलंस? म्हटलं, कचेरीतल्या बाईंना.

'मग राहू दे.'

'राहू दे कसं? ठरलंय आपलं.'

'ठरलं तसं मी हरले. एकदा हरले ना? आता उगाच मला जिंकवू नकोस.'

मे महिनाभर या बाईने त्या झाडावरून मला सुखाने जेवू दिलं नाही, आणि आता काढते म्हटलं तर नको. मी म्हटलं, डॉक्टरच्या नालीत पोरं उगवली आहेत, पुढे ओढ्यात जातील. त्या म्हणाल्या, ओढा तुझ्या बापाचा आहे का. मी म्हटलं, नाही, म्हणूनच.

तेव्हा त्या एकदम मोठ्याने म्हणाल्या, 'तुला काय, तू दुसरं झाड लावशील.' आणि भाजीची परात उचलून आत गेल्या.

याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. मी झाडं लावणारी बाई नाही, त्यांना चांगलं माहीत आहे. मी पूर्व म्हटलं की त्यांना पश्चिम गाठायची असते, दुसरं काय.

२१ सप्टेंबर

पाऊस उघडला. आज काढलं.

कुदळ डॉक्टरकडून आणली. फांद्या आधी कापल्या, पेरासकट पोत्यात भरल्या. कणसं वेगळ्या डब्यात. हाताला, पदराला, केसांना तो वास. पोतं तिसऱ्यांदा भरलं तेव्हा बसावं लागलं. रडले असं लिहिणार नाही, कारण कामही चालू होतं.

मूळ काढताना कंबर धरली. वर खिडकीत वन्सं सकाळपासून उभ्या होत्या. तमाशाला तिकीट नव्हतं. मग जिन्यावर त्यांची पावलं वाजली, एक पाय, थांबणं, दुसरा पाय.

'कुदळ अशी धरतात? शिवण उसवतेस का?'

म्हटलं, तुम्हाला येत असेल तर धरा. त्यांनी धरली. साठी उलटलेली बाई, गुडघे गेलेली, आणि असा घाव घातला की मी बाजूला झाले. मी माती उपसायची, त्यांनी घाव घालायचा. मध्येमध्ये एकमेकींचं चुकत होतं ते दोघीही सांगत होतो. मूळ सुटलं तेव्हा त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं. मी पोत्याचं तोंड उघडून उभी राहिले. त्या धरूनच उभ्या. वन्सं, टाका. हो टाकते. वन्सं. टाकते म्हटलं ना, कशाला घाई करतेस, कुठे जायचंय तुला?

मी पोतं खाली ठेवलं आणि पाणी प्यायला आत गेले. बाहेर आले तेव्हा मूळ पोत्यात होतं आणि वन्सं वर गेल्या होत्या. हातही न धुता.

संध्याकाळी जाळलं. भावोजी खाली येऊन माझ्याबरोबर विस्तवाजवळ उभे राहिले. वर्षातलं तिसरं वाक्य बोलले. म्हणाले, ती जेवली नाही.

३० सप्टेंबर

फरशीचं मीच विचारलं. आता जागा मोकळी आहे, घाला. वन्सं म्हणाल्या, फरशीखाली फूट आली तर दिसणार कशी? जमीन उघडी ठेवायची आणि रोज बघायचं. बघायचं कोणी, तर त्या म्हणे बघणार, माझी नजर शिवून शिवून अधू झाली आहे. तेव्हापासून रोज सकाळी खाली येतात. मीही जाते. त्यांना फूट दिसली तर त्या उपटतील, याची मला खात्री नाही.

अंगण रिकामं फार दिसतं. डोळ्याला सवय होत नाही. सवय व्हावी असं वाटतही नाही.

१४ ऑक्टोबर

फूट आली. दोन पानांची, बोटभर. दोघींनी एकदमच बघितली. मी वाकणार तोच वन्सं म्हणाल्या, थांब, मूळ तोडशील. गुडघे टेकून बसल्या, बोटांनी माती उकरली, सगळं सोडवून अलगद काढलं. मूठ मिटली. मी हात पुढे केला, म्हटलं, द्या, जाळते. म्हणाल्या, माझ्याकडे गॅस नाही का? आणि मूठ न उघडता जिना चढल्या. एका हाताने कठडा, दुसरी मूठ छातीशी.

मूळ अख्खं काढलं, हे खरं. एवढ्या काळजीने जाळायचं तण कोणी काढत नाही.

१७ ऑक्टोबर

कपडे वाळत घालायला वरच्या गच्चीवर गेले होते, वन्संनी आज दाराला कुलूप घातलं नव्हतं. टाकीमागे वन्संची एक रिकामी कुंडी असायची. तिच्यात आज ओली माती, आणि वर उन्हाला म्हणून पातेल्याचं झाकण तिरपं ठेवलेलं. झाकण उचललं नाही.

सबंध दुपार मनाशी भांडले. कुंडीतलं झाड कुंडीत राहतं. कणसं पिकायच्या आत खुडली तर बी नाही, पाखरं नाहीत, ओढा नाही. न खुडली तर पुन्हा सगळं तेच, आणि या वेळी उंचावरून.

संध्याकाळी वन्संच्या दारात गेले आणि सांगितलं की मला गच्चीची किल्ली लागेल, एक जादा करून द्या, मला आता वरचेवर यावं लागणार आहे. त्यांनी विचारलं, कशाला? मी म्हटलं, कच्चं कणीस कुठलं आणि पिकलेलं कुठलं, तुम्हाला काय कळतंय.

वन्संनी कमरेची किल्ली चाचपली. मग म्हणाल्या, जादा किल्ली नाही. दार वाजवून येत जा.